वैशाखात पालवी फुटते ती कुणाच्या भरवशावर?

टेकडीवाली

सध्या कुठल्याही रानात जा. ओढे कोरडे, गवताचं तणस झालेलं, जमिनीला हात लावला तर चटका बसेल आणि पाऊस अजून महिना-दीड महिना लांब. अशात कुसुंब मात्र शेंड्यापासून बुडख्यापर्यंत लालभडक पालवी घेऊन उभा. पिंपळ तांबूस, करंज पोपटी. शेतकरी पेरायला आभाळाकडे डोळे लावून बसलाय आणि ही झाडं कोवळी पानं काढून मोकळी!

फुलांच्या फोटोंचा धागा दर वर्षी निघतो, तो नको. मला झाडांच्या स्वभावावर लिहायचंय आणि तुमच्याकडून वाचायचंय. माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडच्या झाडाचा स्वभाव ओळखायचा तर ते उन्हाळा कसा काढतं ते बघावं. पावसाळ्यात काय, सगळेच हिरवे.

मुळात झाडाचं बहुतेक पाणी पानांवाटे जातं. थंडी सरताना पानं गळली की खर्च जवळपास थांबतो. मुळं खोलवरच्या ओलीतून थोडं थोडं ओढतच असतात. खोड पुन्हा भरतं, मग डोळे फुगतात आणि पालवी येते. वर दिवस मोठा होत चाललेला असतो, ती खूणही झाडांना कळते असं अभ्यासक म्हणतात. पाऊस पडावा लागत नाही.

फायदाही आहे. एप्रिल-मे महिन्यांत ढग नाहीत, ऊन भरपूर. जुलैत पान कितीही मोठं असलं तरी आभाळ गच्च. शिवाय पावसाबरोबर अळ्या-किड्यांचं पेव फुटतं, तोवर पान निबर झालेलं असतं.

आता यात तऱ्हा बघा. पांगारा, काटेसावर, शेमट, सालई, कांडोळ ही मऊ लाकडाची मंडळी. खोडातच पाणी साठवतात आणि निष्पर्ण असतानाच फुलतात. धावडा आणि साग टणक, खडकाळ जागी अगदी शेवटपर्यंत तसेच उघडे राहतात. साग तर वळवाचा शिडकावा झाल्याशिवाय सहसा हलत नाही, आणि फुलतो तोही पावसाळ्यात, इतरांचं सगळं आटोपल्यावर. तिसरे आंबा-जांभळासारखे, कधीच पुरते उघडे न पडणारे. त्यांची मुळं कुठे पोचलीत ते त्यांनाच ठाऊक.

लिहा तुमच्याकडचं.

मुलुंडची मनू

वाचतेय. पहिली शंका: पालवी लालच का? आंब्याची, जांभळाची, पिंपळाची, सगळ्यांचीच.

टेकडीवाली

मनू, अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. हरितद्रव्य पानात उशिरा भरतं, तोवर हा लाल रंग वर दिसतो. तो का, यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आडोसा. दुसरं असं की हरितद्रव्य नाही म्हणजे पानात खाण्याजोगं फारसं काही नाही, त्यामुळे किड्याने खाल्लं तरी झाडाचं नुकसान कमी. वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत नाही. मला दोन्ही एकाच वेळी खरी वाटतात. सीता अशोकाची पालवी बघितली आहेस का? तांबूस, मऊ झुपके, वाळत घातल्यासारखे खाली लोंबतात. काही दिवसांनी ताठ होतात आणि हिरवे.

शंकासुर

सीता अशोक म्हणजे तो रस्त्याकडेचा उंच सरळसोट ना?

टेकडीवाली

नाही हो! तो खोटा अशोक, आसुपालव. त्याची फुलं हिरवट, पानांत लपलेली. फळांवर रात्री वटवाघळं येतात, सकाळी खाली बियांचा सडा. सीता अशोक ठेंगणा, डेरेदार, केशरी झुपक्यांचा. गंमत म्हणजे त्या केशरी फुलाला पाकळ्याच नसतात. रंगीत दिसतो तो निदलपुंज, म्हणजे एरवी फुलाच्या बुडाशी हिरवा असतो तो भाग.

वैनगंगाकाठ

मस्त धागा. मोहाचं नाव अजून कसं आलं नाही?

मोह पानं टाकतो फेब्रुवारी-मार्चात, मग उघड्या फांद्यांच्या टोकाला तपकिरी कळ्यांचे घोस. फुलं उमलतात रात्री, वटवाघळं येतात, आणि पहाटे ती मांसल पाकळ्यांची गोड टोपी खाली गळते. फळ धरायचं काम करणारा भाग वर झाडावरच राहतो. म्हणजे माणसानं फुलं वेचून नेली तरी झाडाचं काही अडत नाही. पुढे त्याच जागी टोळी, म्हणजे मोहाचं फळ, येते, तिचं तेल निघतं. फूलही खातो, तेलही खातो आणि झाड तसंच उभं. असा सौदा दुसरं कुठलं झाड करतं सांगा.

पहाटे चार-पाचला बाया टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला तर चितळ, वांदरं नि अस्वल आधी येऊन गेलेलं असतं. अस्वल आणि वेचणारा समोरासमोर येऊन झालेले हल्ले आमच्याकडं नवीन नाहीत.

वाईट गोष्टही सांगतो. फूल पाचोळ्यात हरवू नये म्हणून झाडाखाली जाळतात. आग पसरली की जंगलच पेटतं. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायचे प्रयोग झालेत. चांगली गोष्ट आहे, पण जाळी घ्यायला पैसा लागतो आणि काडेपेटी चिल्लरीत येते.

मुलुंडची मनू

वैनगंगाकाठ, ते शेवटचं वाक्य लक्षात राहील.

अर्धवट माळी

टेकडीवाली, ऐन कुठे गेला तुमच्या यादीतून? लाकूड चांगलं टणक, पण पाणी साठवतो. मध्यंतरी व्हॉट्सअॅपवर फिरत होतं ना, खोडाला घाव घातला आणि नळासारखं पाणी आलं. आंध्रातल्या पापीकोंडा राष्ट्रीय उद्यानातलं. ते खोटं नव्हतं. २०२४ च्या मार्चमधली गोष्ट, तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी वनखात्याला दाखवलं.

टेकडीवाली

मुद्दाम वगळला होता, कुणी काढतंय का बघायला :) ऐन माझ्या तिन्ही तऱ्हांत बसत नाही. काळपट खोडावर चौकोनी खवले, मगरीच्या पाठीसारखे. ती जाड साल वणवा सोसते. आत पाणी सापडतं हे रानात राहणाऱ्यांना कधीपासून माहीत आहे. पण प्रत्येक ऐनात सापडत नाही, आणि व्हिडिओ बघून टेकडीवरच्या ऐनांवर कोयते चालवायला लोक निघाले तर कठीण आहे. हौसेखातर घाव घालू नका ही विनंती.

ऐनावर टसर रेशमाचे किडेही वाढवतात. वैनगंगाकाठ जास्त सांगू शकतील.

वैनगंगाकाठ

हो जी. ऐन आणि अर्जुन दोन्हीवर. भंडारा-गडचिरोलीकडं ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळतात. अळ्या झाडावरच सोडतात, घरात नाही. एका झाडाची पानं संपली की फांदीसकट अळ्या दुसऱ्यावर हलवायच्या. दिवसभर पक्ष्यांपासून राखण करत बसायचं. ऐनाची पानं किती आलीत, कधी आलीत, यावर त्यांचं घर चालतं.

शंकासुर

भाबडा प्रश्न. बहावा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस येतो म्हणतात. आमच्या ग्रुपवर तर बहाव्याचा फोटो टाकून तारीखही काढून देतात. खरंय का?

टेकडीवाली

शंकासुर, हिशोब तुम्हीच करा. बहावा बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात पिवळा व्हायला लागतो. त्यात ४५ दिवस मिळवा, जूनचा पहिला-दुसरा आठवडा येतो. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख आहे ११ जून. म्हणजे बहावा न बघता कॅलेंडर बघून सांगितलं तरी इतकंच जमेल. खरी परीक्षा वेगळ्या वर्षांची. २०२३ मध्ये मुंबईत मान्सून आला २५ जूनला. २०२५ मध्ये २६ मे रोजीच हजर. महिन्याचा फरक. तुमच्या दारचा बहावाही त्या दोन वर्षांत महिनाभर पुढेमागे झाला होता का? नोंद ठेवली असेल तर इथे टाका, मलाही हवी आहे.

अर्धवट माळी

टेकडीवाली, तुमचं गणित मान्य, पण जुन्या लोकांचं अगदीच उडवून लावू नका. त्यांना अंदाज एका झाडावरून नव्हता. वारा, मुंग्या, कावळ्याचं घरटं, सगळं मिळून होता. ४५ चा आकडा बहुतेक व्हॉट्सअॅपचाच.

आणि बहाव्याचा खरा कारभार भुंग्यांशी. फुलात तीन लांब, वाकडे पुंकेसर असतात, बाकीचे आखूड. भुंगा आखूड पुंकेसरांना धरून अंग थरथरवतो, परागकण खायला काढतो. त्या थरथरीने लांब पुंकेसरांतले परागकण त्याच्या पाठीवर उडतात, तिथे त्याचे पाय पोचत नाहीत. ते जातात पुढच्या फुलाला. एकाच फुलात जेवणाचे पुंकेसर वेगळे, टपालाचे वेगळे.

टेकडीवाली

वा! आणि त्या दांडक्यासारख्या शेंगा कोल्हे, माकडं, अस्वलं खातात ती आतल्या काळ्या गोड गरासाठी. बी पोटातून जाऊन बाहेर पडली की बरी रुजते. नर्सरीवाले तिला घासून किंवा गरम पाण्यात बुडवून तेच काम करतात.

सुरंगीचा वळेसर

सगळं देशावरचंच चाललंय. आमच्या सिंधुदुर्गात या.

सुरंगी उन्हाळा माहीतच नसल्यासारखी वागते. गच्च हिरवी, जाड पानं, पानगळ नावालाही नाही. मार्चच्या आसपास पानांत नव्हे तर जुन्या, जाड फांद्यांच्या सालीतून थेट कळ्या फुटतात. फांदीभर पिवळट पांढरं, आणि मधमाश्यांची गुणगुण लांबून ऐकू येते, झाड नंतर दिसतं. वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यात वळेसर, म्हणजे गजरे, होतात त्याचे. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून पहाटेच झाडावर चढायचं. उमलली की बाजार गेला.

दुसरी ताम्हण. राज्यफूल म्हणून सगळ्यांना माहीत, पण तिचं घर कुणी बघत नाही. ती व्हाळाच्या कडेला असते, मुळं ओलीत. तिला उन्हाळ्याची फिकीर का असावी? जांभळे तुरे घेऊन निवांत उभी राहते एप्रिल-मेमध्ये. शहरात तिला रस्ता दुभाजकात लावतात, दोन्हीकडून डांबर, मग पाच-पाच वर्षं माणसाच्या उंचीची राहते आणि लोक म्हणतात रोप खराब होतं.

टेकडीवाली

दुभाजकाबद्दल अगदी अगदी. झाड शोभेला निवडतात, जागेला नाही.

शंकासुर

पळस आणि पांगारा यांत माझा दर वर्षी घोळ होतो. दोन्ही लाल, दोन्हीला पानं नसतात, आणि असली तर तीन-तीन. "पळसाला पाने तीनच" मग पांगाऱ्याला किती?

अर्धवट माळी

पांगाऱ्यालाही तीनच, म्हण करणाऱ्याने तिकडे बघितलं नाही इतकंच.

खोडाकडे बघा. पांगाऱ्याच्या सालीवर, निदान कोवळ्या फांद्यांवर, काळे काटे. पळसाला काटे नाहीत, खोड मात्र वेडंवाकडं. पळसाची कळी काळपट मखमली देठाची, फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वळलेलं. पांगाऱ्याचं फूल गडद लाल, एक मोठी पाकळी बाहेर उघडलेली, आणि फुलांचा घोस फांदीच्या टोकाला. पान हातात घेतलंत तर पळसाचं चामड्यासारखं, म्हणून पत्रावळीला चालतं. पांगाऱ्याचं मऊ.

पळस हा मला सगळ्यांत चिवट वाटतो. वणवा लागो, कुऱ्हाड पडो, मुळातून पुन्हा धुमारे. पाणी साचणारी, खारवट माती असली तरी चालते. त्याचं परागीभवन करतो जांभळा शिंजीर, एवढासा पक्षी. बाकीचे साळुंक्या-कावळे मध पिऊन जातात.

मुलुंडची मनू

याच विषयावर माझं दुःख. फेब्रुवारीत एका सोसायटीने आवारातला मोठा पांगारा "वाळला" म्हणून पार बुंध्यातून काढला. मी ओळखीच्यांना फोन करेपर्यंत ट्रक निघून गेला होता. त्याच्या टोकांना कळ्या आल्या होत्या. ठेकेदाराला दाखवल्या तर म्हणाला, "ताई, पान नाही एकपण."

टेकडीवाली

अरेरे. हे सर्रास होतं. निष्पर्ण म्हणजे मेलेलं, असा शहरी समज आहे. शहरात एरवी रेन ट्री, सोनमोहर अशी झाडं भरपूर, पांगारा-सावर-कांडोळ नजरेत नाहीत.

सगळ्यांसाठी: बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवा ओला थर दिसला तर झाड जिवंत. आत तपकिरी आणि कोरडं असेल तर ती फांदी गेली, मग खालच्या फांदीवर बघा. टोकाचे डोळे चिवट की कुडकुडीत तेही चाचपडून बघा. आणि वाळलेलं असलं तरी शहरात झाड तोडायला परवानगी लागतेच. १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम त्यासाठी आहे, वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. "वाळलं होतं" म्हणून सुटका नाही.

तळजाई पहाट

मनूताईंसारखाच पण उलटा प्रकार आमच्या टेकड्यांवर. टेकडी उन्हाळ्यात उघडी दिसली की लोकांना राहवत नाही, रोपं घेऊन येतात. मुळात पुण्याच्या या टेकड्या गवताच्या आणि विरळ झाडांच्या. धावडा, सालई, मेडशिंग, गणेर, हिवर. गणेर बघा, उघड्या फांदीवर हाताएवढं पिवळंधमक फूल, खडकात मुळं. तिला खत नको, टँकर नको.

त्यावर लावली उंदीरमारी. मेक्सिको-मध्य अमेरिकेतली ग्लिरिसिडिया. हिरवळ पटकन होते, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, फांदी खोचली तरी जगते. म्हणून वनीकरणात हिचं फावलं. आता वेताळ टेकडीवर तिच्या रांगांखाली फिरून बघा, दुसरं काय उगवलंय. फेब्रुवारीत गुलाबी फुलते तेव्हा लोक चेरी ब्लॉसम म्हणून सेल्फी काढतात, तेव्हा तर...

अर्धवट माळी

तळजाई, थोडं सबुरीने. उजाड, धूप झालेल्या मुरमावर उंदीरमारीने माती धरून ठेवली, पानाचा खतही चांगला होतो. शेताच्या बांधावर मी स्वतः लावतो. दोष झाडाचा नाही, एकच झाड रांगेने लावणाऱ्याचा.

तळजाई पहाट

बांधावर लावा की, कोण नाही म्हणतंय. गवताळ टेकडीवर नको. चंडोल, तितर, ससे यांना झाडांची दाटी नकोच असते.

ब्रिस्बेनचा बाबू

परदेशी झाडांचा विषय निघालाच आहे तर. इथे गुलमोहर भरपूर, पॉइन्सियाना म्हणतात. फुलतो नोव्हेंबर-डिसेंबरात, नाताळाच्या सुमारास ऐन भरात. पुण्यात असताना मे महिन्याशी जोडलेला, इथे आंबेही तेव्हाच बाजारात, त्यामुळे डोकं अजून गडबडतं. त्याआधी ऑक्टोबरात जॅकरांडा जांभळा होतो, तो फुलला की विद्यापीठातल्या मुलांना परीक्षेची धडकी भरते. झाड तेच, मग सहा महिन्यांचा फरक कसा पडतो?

टेकडीवाली

बाबू, यामुळे माझा मुद्दा अजून पक्का झाला. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या पानझडी रानातला. तेही दक्षिण गोलार्धात, तिथेही कोरडा हंगाम संपता संपता, पावसाच्या तोंडावर फुलायचं. आपल्याकडे आणला तेव्हा त्याने महिना आणला नाही, सवय आणली. दिवस मोठा होतोय, ऊन चढतंय, पाऊस येऊ घातलाय, की फुलायचं. आपल्याकडे ते दिवस मे महिन्यात येतात, तुमच्याकडे डिसेंबरात.

फक्त त्याच्या खाली गाडी लावू नका. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वादळात पडलेल्या झाडांत हा हमखास असतो.

वैनगंगाकाठ

उंबराबद्दल कुणीच नाही? भर उन्हाळ्यात हिरवा, आणि खोडावर फळंच फळं. उंबर तिथं पाणी, असं आमच्याकडं म्हणतात, विहीर तिथंच खणतात.

टेकडीवाली

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातलं पाणी शोधायचा अख्खा अध्याय आहे, झाडांच्या खुणांसकट, त्यात उंबरही आहे. ओलीजवळ उंबर असतो हे खरंच. पण विहिरीचा खर्च करण्याआधी भूजलवाल्यांना विचारा, कारण ओल वरच्या थरातली आहे की खाली साठा आहे हे झाड सांगत नाही.

उंबराची खरी करामत त्या फळाच्या आत. फुलं आत बंद. एक इवली मादी माशी शेंड्याच्या भोकातून आत घुसते, घुसताना पंख तुटतात, आत परागकण देते, अंडी घालते, तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला बोगदा पाडतात आणि बहुतेक आतच संपतात. माद्या परागकण घेऊन उडतात. त्यांना जगायला एक-दोनच दिवस, तेवढ्यात योग्य अवस्थेतलं दुसरं झाड सापडायला हवं. म्हणून एका परिसरातल्या सगळ्या उंबरांना एकाच वेळी फळून चालतच नाही. कुठलं ना कुठलं झाड बारा महिने फळलेलं लागतं. बाकी रान कोरडं असताना तांबट, हरियल, धनेश, वटवाघळं यांचं पोट त्यावर चालतं. वड-पिंपळाचंही असंच, फक्त प्रत्येकाची माशी वेगळी.

सुरंगीचा वळेसर

म्हणजे उंबर खाताना आपण...

टेकडीवाली

हो. फोडून, झटकून खा :)

तळजाई पहाट

आता मदत हवी आहे. भीमाशंकरच्या वाटेवर एक मोठं झाड दिसलं, पूर्ण निष्पर्ण. साल खवल्याखवल्यांची, पण ऐनाइतकी खोल नाही वाटली. ऐन की किंजळ? फोटो उद्या टाकतो, नेटवर्क नाही.

अर्धवट माळी

सालीवरून भांडत बसू नका, खालचा पाचोळा उलटा करून बघा. वाळलेल्या पानाच्या मागे, देठाजवळ चामखिळीसारख्या दोन गाठी दिसल्या तर दोघांपैकी एक नक्की. मग फळ शोधा. पाच सारखे पंख असले तर ऐन. एक मोठा पंख आणि दोन बारके, रंग तांबूस तपकिरी, तर किंजळ. किंजळीची फळं एवढ्या संख्येने पडतात की एखादं तरी सापडेलच.

तळजाई पहाट

परवा पुन्हा जाणार आहे. पिशवीच घेऊन जातो.